बँकॉकमध्ये चार दिवस: वेळापत्रक कसं बांधायचं

आपल्याकडून निघणाऱ्या बऱ्याच थायलंड सहलींत बँकॉकच्या वाट्याला दीड दिवस येतो. पट्टायाहून येताना सफारी पार्क, रत्नांच्या दुकानात सक्तीचा थांबा, एखादं मंदिर घाईघाईत, आणि उरलेला वेळ मॉलमध्ये. बसमधून पाहिलेलं बँकॉक म्हणजे मुख्यतः ट्रॅफिक, त्यामुळे परत आलेली माणसं ‘शहरात काही नाही हो’ असं प्रामाणिकपणे सांगतात. माझं मत उलट आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं पट्टाया सरळ वगळावं आणि चारही दिवस बँकॉकला द्यावेत. टूर कंपनीशिवाय हे सहज जमतं.

फक्त स्थळांची यादी करून ती चार दिवसांवर वाटून टाकू नका. दुपारच्या उन्हात राजवाड्याच्या फरशीवर चालणं आणि संध्याकाळी सहाला सुखुमवित रस्त्यावर टॅक्सीत बसणं, या दोन गोष्टींनी कुठलीही यादी कोलमडते. त्यापेक्षा घड्याळापासून सुरुवात करा. सकाळी बारापर्यंत उघड्यावरचं बघा, बारा ते चार छपराखाली काढा, अंधार पडल्यावर पुन्हा बाहेर पडा. एका दिवशी शहराचा एकच भाग घ्या. आणि जिथे बोट किंवा रेल्वे जाते तिथे टॅक्सी करू नका.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा काळ. ‘थंडी’ म्हणतात ती आपल्या कोकणातल्या जानेवारीइतकीच, पण चालणं शक्य होतं. जानेवारी-फेब्रुवारीत हवेत धुरकं असतं. दम्याचा त्रास असेल तर मास्क आणि औषध बरोबर ठेवा. मार्च ते मे भाजून काढणारा उन्हाळा. त्यात 13 ते 15 एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष येतं. रस्तोरस्ती पाणी उडवतात, तरुणांना धमाल येते. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर तो आठवडा टाळा. पावसाळा मे ते ऑक्टोबर, पण तो दिवसभर रिपरिपणारा नसतो. संध्याकाळी तासभर धो-धो कोसळतो आणि थांबतो. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये रस्ते तुंबतात. बाकीच्या महिन्यांत छत्री घेऊन निभावतं, हॉटेलंही स्वस्त मिळतात.

तारखा हातात असतील तर कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास जा. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेला देवळांत पणत्या लागतात, त्याच सुमाराला तिकडे लोय क्राथोंग असतो. केळीच्या खांबाच्या चकतीवर फुलं, उदबत्ती, मेणबत्ती लावून ती नदीत सोडतात. नवरात्रात गेलात तर सिलोम रस्त्यावरच्या मारिअम्मन देवळापासून विजयादशमीच्या रात्री मिरवणूक निघते आणि तो सगळा भाग वाहनांना बंद होतो. बघायला सुंदर, पण त्या रात्री तिथल्या हॉटेलवर सामान घेऊन पोहोचायचं असेल तर मोठी पंचाईत.

कागदपत्रं आणि पैसे

जुलै 2024 पासून भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी 60 दिवस व्हिसाशिवाय प्रवेश सुरू झाला. हे नियम तिथलं सरकार अधूनमधून बदलतं, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर सध्याची मुदत बघा. 1 मे 2025 पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं आहे. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं. ते मोफत आहे. शोध घेतल्यावर वरती दिसणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइट सरकारी नाहीत. पत्त्याच्या शेवटी ‘गो डॉट टीएच’ असलेलीच साइट उघडा. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि थोडी रोकड हाताशी ठेवा, इमिग्रेशनवाले कधीकधी विचारतात.

एक बाथ साधारण अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान धरा. एटीएममधून पैसे काढले की थाई बँक दर वेळी दोनशेहून जास्त बाथ शुल्क लावते, त्यात आपल्या बँकेचं वेगळं. म्हणून दोन-तीन दिवसांपुरते बाथ मुंबई-पुण्यातून घ्या, बाकी फॉरेक्स कार्डवर ठेवा. सुवर्णभूमी विमानतळाच्या तळमजल्याखाली, रेल्वे स्टेशनाजवळ, चलन बदलणारी जी छोटी काउंटर आहेत त्यांचे दर वरच्या हॉलमधल्या बँकांपेक्षा बहुधा चांगले असतात. रस्त्यावरचं खाणं, बोट, छोटी दुकानं इथे रोखच लागते, म्हणून वीस आणि शंभरच्या नोटा सुट्या ठेवा.

थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. चार्जरच्या दोन गोल पिना तिथल्या बहुतेक सॉकेटमध्ये बसतात. आपली जाड तीन पिनांची प्लग मात्र बसत नाही, तिच्यासाठी अ‍ॅडॉप्टर घ्या.

कुठे उतरायचं

हॉटेल निवडताना फोटो नंतर बघा, आधी स्टेशनापासूनचं अंतर बघा. पाच मिनिटांत चालत बीटीएस किंवा एमआरटी, म्हणजे शहरातल्या दोन रेल्वेंपैकी एक, गाठता आली पाहिजे. दहा मिनिटांचं अंतर नकाशावर क्षुल्लक वाटतं, पण तिथल्या दमट हवेत दिवसातून चार वेळा चालावं लागलं की कळतं.

पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला मी सिलोम-सथोनचा भाग सुचवेन. साला देंग स्टेशनवर बीटीएस आणि खाली एमआरटी दोन्ही मिळतात, साफान ताक्सिनला उतरलं की खालीच नदीचा धक्का, आणि लुम्फिनी उद्यान चालत. सिलोमलगतच्या पाटपोंग गल्लीत रात्री दलाल मागे लागतात, तेवढी एक गल्ली टाळली की झालं. असोक हा दुसरा पर्याय. तिथेही दोन्ही रेल्वे एकमेकींना भेटतात आणि जवळच्या नाना भागात भारतीय हॉटेलं भरपूर. पण नानाचं रात्रीचं रूप मुलाबाळांना घेऊन फिरण्याजोगं नाही. प्रतुनाममध्ये आपले लोक सर्वाधिक उतरतात, कारण घाऊक कपड्यांचा बाजार आणि पावभाजीसुद्धा तिथे मिळते; खरेदी हाच मुख्य उद्देश असेल तरच तिथे राहा. जुन्या शहरात, म्हणजे सॅम योट स्टेशनाच्या आसपास, छोटी आणि देखणी गेस्ट हाउसं आहेत. तरुण जोडप्यांना ती आवडतील.

विमानतळावरून शहरात

आधी तिकिटावर विमानतळाचं नाव वाचा. मोठ्या कंपन्या सुवर्णभूमीला उतरतात, काही स्वस्त कंपन्या जुन्या डॉन मुआंगला. दोन्ही शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत.

सुवर्णभूमीहून एअरपोर्ट रेल लिंक फाया थायपर्यंत अर्ध्या तासात जाते, कमाल भाडं 45 बाथ. मक्कासानला उतरून एमआरटी, फाया थायला उतरून बीटीएस. दोघं असाल आणि बॅगा हलक्या असतील तर हीच घ्या. चौघं असाल तर टॅक्सी परवडते. तळमजल्यावर यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावर रांगेचा क्रमांक असतो, तिथे टॅक्सी उभी असते. मीटर 35 बाथपासून सुरू होतो, त्यावर विमानतळाचे 50 बाथ आणि एक्स्प्रेस-वेचा टोल तुम्ही द्यायचा. ही वरची रक्कम अधिकृत आहे, त्यावर वाद घालू नका. हॉलमध्येच अंगाशी येऊन ‘टॅक्सी, सर’ म्हणणाऱ्याकडे मात्र बघूही नका.

शहरात फिरताना बीटीएस म्हणजे डोक्यावरून जाणारी, 1999 पासूनची. एमआरटी मुख्यतः जमिनीखालची, 2004 पासूनची. दोन्हींची व्यवस्था वेगळी, म्हणून एकीतून दुसरीत जाताना फाटकातून बाहेर येऊन पुन्हा आत जावं लागतं. एमआरटीच्या फाटकाला कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवलं तरी चालतं. टॅक्सीसाठी ग्रॅब किंवा बोल्ट अ‍ॅप भारतातूनच घालून जा, कारण नोंदणीचा ओटीपी आपल्या सिमवर येतो.

पहिला दिवस: काहीच मोठं नको

मुंबईहून विमान चार-साडेचार तासांचं. रात्री निघणारं विमान पहाटे उतरवतं आणि हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळते. झोप न झालेल्या माणसांना त्याच सकाळी राजवाड्यात नेणं हा अन्याय आहे. बॅगा हॉटेलात ठेवा, आंघोळीची सोय विचारा आणि लुम्फिनी उद्यानात जा. तिथल्या तळ्याकाठी दीड-दोन मीटर लांबीच्या घोरपडी निवांत फिरत असतात. मुलं हरखतात, मोठी माणसं आधी दचकतात. त्या अंगावर येत नाहीत, फक्त खाऊ घालू नका.

दुपारी पायांचं मालिश करून घ्या. साध्या दुकानात तासाला साधारण 300-400 बाथ पडतात. दर काचेवर लिहिलेले असतात, आत गेल्यावर घासाघीस नको. जेवणानंतर लगेच बसू नका, आणि ‘बाव बाव’, म्हणजे हळू, हे दोन शब्द शिकून घ्या. थाई मालिश करणारी बाई कोपरानं काम करते.

संध्याकाळी साफान ताक्सिनच्या धक्क्यावरून चाओ फ्राया नदीची नारिंगी झेंड्याची बोट पकडा. कितीही लांब जा, 16 बाथ. निळ्या झेंड्याची पर्यटक बोट महाग आहे आणि धक्क्यावरचे लोक परदेशी चेहरा दिसला की तिकडेच वळवतात. हजार-दीड हजार बाथची डिनर क्रूझ मला तरी फुकटचा खर्च वाटते. तोच वाट अरुण (‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर), तोच राजवाडा नारिंगी बोटीतून ऑफिसहून घरी निघालेल्या माणसांसोबत दिसतो. ती संध्याकाळी सातच्या सुमारास बंद होते, म्हणून पाचला निघा.

दुसरा दिवस: राजवाडा आणि नदीचे दोन काठ

राजवाडा साडेआठला उघडतो. सव्वाआठला दारात हजर राहा. तिकीट 500 बाथ, महाग आहे, पण हा खर्च टाळू नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनाही हाफ पॅंट चालत नाही. 1782 मध्ये ‘पहिला राम’ या राजानं राजधानी नदीच्या या काठावर आणली तेव्हाच हा राजवाडा उभा राहिला. बहुतेक लोक वाट फ्रा काएवमधल्या पाचूच्या बुद्धाकडे धावतात. मूर्ती छोटी आहे, प्रत्यक्षात हिरव्या जेडची, आणि ऋतूप्रमाणे तिची वस्त्रं राजा स्वतः बदलतो. ती बघाच, पण मराठी माणसानं खरा वेळ द्यावा तो देवळाभोवतीच्या ओवऱ्यांना. तिथल्या भिंतींवर 178 चित्रांत अख्खं रामायण आहे, त्यांच्या भाषेत रामकियेन. प्रदक्षिणेच्या दिशेनं गेलं की गोष्ट क्रमानं लागते. रावणाला तिथे तोत्सकान म्हणतात. आपल्या मारुतीचं मात्र तिथे भलतंच रूप दिसतं: सेतू बांधताना अडथळा आणणाऱ्या मत्स्यकन्येच्या, म्हणजे रावणाच्याच मुलीच्या, तो प्रेमात पडतो. समर्थांच्या मारुतीवर वाढलेल्या आजोबांना हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

त्याच तिकिटात आठवड्याच्या कामाच्या दिवशी साला चालेर्मक्रुंग नाट्यगृहात खोन या मुखवट्यांच्या नृत्यनाट्याचा छोटा प्रयोग धरलेला असतो. सध्याच्या वेळा तिकीट घेतानाच विचारा. सकाळी भिंतीवर पाहिलेली पात्रं दुपारी वातानुकूलित अंधारात नाचताना पाहायची, यापेक्षा चांगली दुपार बँकॉकमध्ये मला माहीत नाही. नाट्यगृह जमलं नाही तर बारापर्यंत वाट फो गाठा. तिथला शयनमुद्रेतला बुद्ध 46 मीटर लांब आहे आणि त्याचे तळपाय शिंपल्यांच्या नक्षीनं जडवलेले आहेत. बहुतेक लोक तोंडाकडे फोटो काढून परततात. पायांपर्यंत जा, मग पाठीमागून या. तिथल्या भांड्यांत नाणी टाकण्याचा आवाज सगळ्या दालनात भरलेला असतो. आवारातच पारंपरिक मालिशची शाळा आहे, 1955 पासूनची.

चारनंतर था तिएन धक्क्यावरून पाच बाथच्या होडीनं पलीकडे वाट अरुणला जा. लांबून दगडी वाटणारा मनोरा जवळून चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेला दिसतो. जिने उभे आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच बसावं. सहाला तो बंद होतो, आणि त्याचं संध्याकाळचं दर्शन अलीकडच्या काठावरूनच चांगलं, म्हणून साडेपाचला परत फिरा.

रात्री जेवण झाल्यावर सनाम चाय स्टेशनाजवळचा पाक ख्लोंग तलाट बघा. दादरच्या फूलबाजारासारखाच झेंडूचा ढीग आणि हार ओवणाऱ्या बायका, फरक इतकाच की हा रात्रभर चालतो आणि इथे कमळाच्या कळ्या असतात. दोन पावलांवर पाहुराट हा भारतीय कापडबाजार आणि तिथला मोठा गुरुद्वारा. तो भाग सकाळी जिवंत असतो.

तिसरा दिवस: जुनं शहर, कालवा, याओवाराट

सकाळी सॅम योटहून चालत सुरुवात करा. वाट सुथातसमोर सागवानी खांबांची उंच लाल कमान दिसते, तोच राक्षसी झोका. ब्राह्मणांच्या एका उत्सवात तरुण त्यावर झोके घेऊन टांगलेली पैशांची पिशवी दातांनी पकडायचे. अपघात होऊ लागले आणि 1935 मध्ये ते थांबलं. जवळच देवस्थान हे छोटं मंदिर आहे, 1784 चं, शिव, गणपती आणि विष्णू यांची तीन गाभारी. राजघराण्याचे विधी करणारे थाई ब्राह्मण इथले. पर्यटक जवळजवळ नसतात.

तिथून लोह प्रासाद हे धातूच्या कळसांचं मंदिर, मग वाट सकेतची सोनेरी टेकडी. पायऱ्या साडेतीनशेच्या आसपास, पण चढ सौम्य आणि वाटेत घंटा. वरून जुनं शहर चारी बाजूंना दिसतं. अकरापर्यंत खाली उतरा.

टेकडीच्या पायथ्याशी पानफा धक्क्यावर साएन साएप कालव्याची बोट मिळते. तो बंद असेल तर पुढच्या बोबे धक्क्यावर जा. ही पर्यटकांची नव्हे, नोकरदारांची बोट. धक्क्याला धड थांबत नाही, कठड्याला धरून पटकन चढायचं. पाणी उडायला लागलं की दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करायचा, आणि हेल्मेट घातलेला वाहक बाहेरच्या काठावरून चालत पैसे गोळा करतो. कालव्याला वास येतो. तरीही घ्या, कारण पाऊण तासाचा रस्त्यावरचा प्रवास इथे पंधरा-वीस मिनिटांत होतो. फार वयस्कर माणसं आणि तान्ही मुलं असतील तर टॅक्सी बरी. हुआ चांगला उतरलं की जिम थॉम्पसनचं घर. या अमेरिकन माणसानं थाई रेशमाचा व्यापार जगभर नेला, जुनी सागवानी घरं उचलून आणून कालव्याकाठी जोडली, आणि 1967 मध्ये मलेशियाच्या कॅमेरॉन हायलँड्समध्ये फिरायला गेला तो पुन्हा दिसला नाही. दुपार इथे आणि शेजारच्या सियामच्या मॉलमध्ये काढा.

चारच्या सुमारास वाट त्रैमित. साडेपाच टन सोन्याची बुद्धमूर्ती, जी कित्येक पिढ्या चुन्याच्या लेपाखाली साधी म्हणून पडून होती. 1955 मध्ये हलवताना ती पडली, लेप तडकला आणि आत सोनं दिसलं. तिथून चालत याओवाराट, चिनी वस्ती. सहानंतर रस्त्याच्या दोन्ही कडांना शेगड्या पेटतात. सोमवारी बऱ्याच गाड्या बंद असतात, तेवढं बघून दिवस ठरवा.

शाकाहारी माणसाचं काय

पोट भरतं, पण सावध राहावं लागतं. अडचण मांसाच्या तुकड्यांची नाही, ते दिसतात. अडचण आहे नाम प्ला, म्हणजे माशाच्या पाण्याची, जे मिठासारखं सगळीकडे पडतं. शिवाय करीच्या वाटणात ‘कापी’, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट, असते. ‘व्हेजिटेबल’ म्हटल्यावर तुमच्या भाजीतून चिकन काढतील, नाम प्ला राहील. त्यावर उपाय ‘जे’. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो शब्द असलेली दुकानं शोधा. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसतं, कांदा-लसूणही नाही. वारकऱ्यांना आणि जैन मंडळींनाही निश्चिंत जेवता येतं. ‘किन जे’ म्हणजे मी असं खातो. नवरात्राच्याच सुमारास नऊ दिवसांचा जे उत्सव असतो, तेव्हा अर्धं याओवाराट पिवळ्या झेंड्यांनी भरतं. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात तर कुणीही खावा, एप्रिल-मेमध्ये विशेष. तिखट खाण्याची फुशारकी मात्र पपईच्या सॅलडपुढे मारू नका. त्यांची बारीक मिरची आपल्या लवंगीला भारी पडते.

चौथा दिवस

शनिवार-रविवार असेल तर चतुचाक बाजार. एमआरटीच्या काम्फाएंग फेत स्टेशनातून थेट आत निघता येतं. नऊला जा, बारापर्यंत निघा. आवडलेली वस्तू लगेच घ्या, तीच गल्ली पुन्हा सापडत नाही. इतर वारी, आणि विमान रात्रीचं असेल तर, अयुथ्थया. 1350 मध्ये वसलेली आणि 1767 मध्ये बर्मी सैन्यानं जाळलेली जुनी राजधानी, ऐंशी किलोमीटरवर. साध्या गाडीचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट अगदी किरकोळ असतं. सकाळी सातच्या आसपास निघा आणि विमानाच्या आधी सहा तास हातात ठेवून परत या, कारण गाड्या उशिरा धावतात.

भामटे आणि मर्यादा

राजवाड्याच्या वाटेवर नीटनेटक्या कपड्यातला गृहस्थ ‘आज पूजेसाठी बंद आहे’ असं सांगतो आणि वीस बाथमध्ये सगळं शहर दाखवणारी टुकटुक बोलावतो. ती रत्नांच्या दुकानात जाते. दारापर्यंत स्वतः जाऊन बघा. अडचण आलीच तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155.

राजघराण्याविषयी थट्टा तिथे गंभीर गुन्हा आहे, सोशल मीडियावरसुद्धा. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनांत, उद्यानांत राष्ट्रगीत लागतं तेव्हा सगळे थबकतात, तुम्हीही थांबा. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नका. बायकांनी भिक्षूंना स्पर्श करू नये किंवा हातात थेट वस्तू देऊ नये. ई-सिगारेट बेकायदेशीर आहे, ती घरीच ठेवा.

परतताना

बुद्धमूर्ती विकत घेतली असेल तर ती देशाबाहेर नेण्यासाठी तिथल्या ललितकला विभागाची परवानगी लागते; छोटं ताईत चालतं. शहरात गांजाची दुकानं दिसली असतील, पण त्यातलं काहीही, अगदी गोळी-बिस्किटही, बॅगेत ठेवू नका. बँकॉकहून येणाऱ्या विमानांवर मुंबई कस्टम्सची खास नजर असते आणि आपल्याकडचा 1985 चा अमली पदार्थ कायदा ‘तिथे चालतं’ हे ऐकून घेत नाही. रांगेत कुणी अनोळखी माणूस ‘माझं वजन जास्त झालंय, ही एवढी पिशवी तुमच्यात धरता का’ म्हणाला, मराठीत म्हणाला तरी, नाही म्हणा.